आटलेलं जाकीट

माझ्या कपाटात चार कुर्ते, सहा जाकिटं, तीन ओढण्या आणि दोन पँटी आहेत. एवढ्यावर मी अख्खं वर्ष काढते, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या क्लासमध्ये मी गणित शिकवते तिथल्या पोरींना वाटतं की मॅडमचं कापडाचं दुकान आहे. सोमवारचं जाकीट गुरुवारी दुसऱ्या कुर्त्यावर चढतं, ओढणी गळ्यातून कमरेला येते, आणि बघणाऱ्याला सगळं नवंकोरं वाटतं. सकाळी सातच्या बॅचला गारठा असतो तेव्हा अंगावर तीन थर असतात. दुपारी वरच्या मजल्यावरची खोली तापली की एक एक उतरवून खुर्चीवर टाकायचा. स्टाफरूममधल्या एक बाई मला नेहमी म्हणतात, "तुमचं बरं आहे, तुम्हाला काय पण शोभतं." मला राग येतो. काय पण शोभत नसतं हो, डोकं लावावं लागतं. खाली लांब, वर आखूड. एकच गोष्ट भडक, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आणि यातलं एकही जाकीट बाजारात तयार मिळत नाही, कारण ती सगळी आमच्या घरी शिवलेली आहेत.

ही स्टाइल मी विचार करून काढली असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ती एका चुकीतून निघाली, आणि चूक माझ्या आईची होती.

आम्ही मूळचे कबनूरचे. तिथे घराघरातून माग चालतात. आईनं अठरा वर्षं एका कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे मागाच्या धोट्यात जे आडवं सूत लागतं ते कांडीवर गुंडाळून द्यायचं काम. शेवटी खांदा धरला. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं, तशी ती घरी बसली, आणि घरी बसणं तिला आजारापेक्षा जड गेलं. मग तिनं महिला मंडळाचा तीन महिन्यांचा शिवणक्लास केला आणि एक जुनं पायमशीन घेतलं. परकर, उशांचे अभ्रे, पिशव्या एवढ्यावर तिचा हात बसला होता. अंगावर घालून बाहेर जायचं असं काही तिनं अजून शिवलं नव्हतं.

कापडाला मात्र आमच्याकडे तोटा नव्हता. डाग पडलेले, मध्येच सूत तुटलेले तुकडे मालक बाजूला काढायचा आणि जुन्या बायकांना द्यायचा. सायीच्या रंगाचं, खळीनं कडक झालेलं कोरं कापड. त्याची चादर व्हायची, पडदा व्हायचा, भाकरी गुंडाळायचं फडकं व्हायचं.

मी एम.एस्सी. होऊन वर्षभर घरीच होते. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत होते आणि प्रत्येक जाहिरातीला अर्ज टाकत होते. अशात राजारामपुरीतल्या क्लासमधून फोन आला. एक नवराबायको तो क्लास चालवायचे. सर म्हणाले, "सोमवारी सकाळी या. नववीची बॅच आहे, त्यांना शेकडेवारी शिकवून दाखवा. आणखी दोघं येणार आहेत, त्यातून एकाला घेऊ."

आई माझ्याहून जास्त हरखली. "मास्तरीण कशी, कोट घातलेली दिसली पायजे," ती म्हणाली. "मी शिवतो. कापड घरचं हाय."

मी म्हटलं, "आई, तुला जाकीट येतं का शिवायला?"

"कापड म्हंजे माझं. मला शिकवू नगंस."

चार दिवस ती मशीनवर होती. कॉलर तीनदा उसवली. बाहीचा मुंढा बसेना म्हणून शिवणक्लासच्या बाईंकडे दोनदा जाऊन आली. शनिवारी जाकीट तयार झालं आणि मी ते अंगावर चढवलं. काय सांगू! खळीमुळे कॉलर ताठ उभी राहिलेली, बाही बरोबर मनगटावर, खांदे शिंप्यानं केल्यासारखे. शेजारच्या मावशी उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आगं, कुटनं आणलंस गं हे?" आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आणतंय कोण? शिवलंय," ती म्हणाली, आणि मला गल्लीच्या टोकापर्यंत उगाचच मीठ आणायला पाठवलं. घरात मीठ होतं.

रविवारी मीच म्हटलं की याला खळीचा वास येतोय, एका पाण्यातून काढू या. आईनं छान गरम पाण्यात साबण घालून जाकीट धुतलं आणि उन्हात तारेवर टाकलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्या कापडवाल्या गावात हे कुणाला माहीत नसावं? पण आमच्याकडे कापड विणताना सगळे बघतात, धुतलेलं कुणी बघत नाही. मागावरून उतरलं की ते घडी होऊन ट्रकमध्ये चढतं. पुढचं धुणं, रंगवणं दुसरीकडे. आणि घरात आलेल्या तुकड्याची चादर झाली, ती चार बोटं आटली, तर मोजतंय कोण?

चार वाजता मी जाकीट तारेवरून काढलं आणि तिथेच घातलं. बाह्या मनगट सोडून वर गेल्या होत्या. खालची पट्टी कमरेवर आली होती. पुढची बटणं लागायला तयार नव्हती. कॉलर मान टाकून पडली होती. मी तशीच आत गेले. आईनं बघितलं. जाकीट माझ्या अंगातून काढून घेतलं, दोन्ही हातांत ताणून बघितलं, परत ताणून बघितलं.

"अठरा वर्सं ह्येच्याच कांड्या भरल्या," ती म्हणाली. "आन मला ह्ये वळखू आलं न्हाय."

मी म्हटलं, "असू दे गं, होतं असं."

"न्हाय हुत. शिवणाऱ्याचं न्हाय हुत. माझं ह्ये काम न्हवं." तिनं मशीनवर चादर टाकली आणि वर तांदळाचा डबा ठेवला. "उद्या माझी पांढरी साडी नेस. विहारात नेसायची हाय ती, चांगली हाय."

साडीत मला फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात नेता येत नाही हे एक कारण. खरं कारण असं की मला भयंकर राग आला होता. कापडाचा आला होता, पाण्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या तांदळाच्या डब्याचा आला होता. चार दिवस जी बाई मशीनवरून उठली नाही, तिनं एका धुण्यात हार मानायची? मी नोकरी मिळवायला निघाले होते खरी, पण त्या क्षणी मला नोकरीपेक्षा ते मशीन परत उघडलेलं बघायचं होतं.

सोमवारी पहाटे मी पेटी उपसली. कॉलेजातला एक मरून कुर्ता होता, लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा. खांद्यावर आणि कोपरांवर तो इतका विटला होता की नुसता घालणं शक्य नव्हतं. त्याच्यावर जाकीट चढवलं. विटलेले खांदे, कोपरं जाकिटाखाली गेली. जाकिटाची बाही जिथे संपली तिथून पुढे मरून बाही निघाली. बटणं लागत नव्हती, मग उघडंच ठेवलं, आणि मधल्या जागेत निळी ओढणी लांब सोडली. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकली. आरशात बघितलं आणि मी स्वतःलाच म्हटलं, बाई, तू बरी दिसतेस की.

आई म्हणाली, "लोक हसतील."

"हसू देत."

ती निरोप द्यायला दारात आली नाही. मी एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि क्लासमध्ये पोचले.

वर्गात तीसेक पोरं. मागच्या बाकावर सर आणि त्यांची बायको वही उघडून बसलेले. मी दुकानातल्या सवलतीचं उदाहरण घरून घोकून नेलं होतं. ते सुरू केलं, आणि पाच मिनिटांत पोरं जांभया द्यायला लागली. मी फळ्याकडे वळले तशी तिसऱ्या बाकावरची एक पोरगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "मॅडमनी धाकट्या भणीचं जाकीट घातलंय वाटतं." कोल्हापूरची कुजबुज ती, खालच्या मजल्यावर ऐकू जाते. अख्खा वर्ग फिसकन हसला. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

माझं डोकं फिरलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण आईच्या जाकिटाला हसायचं नाही.

"उभी राहा," मी म्हटलं. "बरोबर ओळखलंस, लहान आहे. पण बहिणीचं नाही, माझंच आहे. हे कापड कबनूरच्या मागावरचं. माझ्या आईनं शिवलंय आणि काल धुतल्यावर आटलंय. किती आटलंय ते तू काढ. पट्टी घेऊन ये."

पोरगी लाजत पुढे आली. माझ्या खांद्यापासून बाही मोजली. अठरा इंच.

"शिवली तेव्हा वीस होती. किती टक्के आटली?"

"दहा!" मागून चार जण ओरडले. मग उंची मोजली, तीसची सत्तावीस झाली होती. परत दहा. रुंदी मोजली तर पाचसुद्धा भरेना. असं का, म्हणून पोरांनी मलाच विचारलं. मी सांगितलं की मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, ते पाण्यात सुटतात आणि जास्त आखडतात. जांभया कुठल्या कुठे गेल्या. एक पोरगा स्वतःच्या शर्टाची बाही मोजायला लागला, दुसरा म्हणाला, "नाद खुळा, मॅडम!" तास संपला ते कुणाला कळलं नाही.

सर म्हणाले, "एक तारखेपासून या." त्यांच्या बायकोनं माझ्या बाहीला हात लावून बघितला. "आटलेलं असलं तरी छान दिसतंय. तो कुर्ता आतून दिसतो ना, म्हणून."

मी उड्या मारतच घरी आले. शेजारच्या मावशी बसलेल्या होत्याच. दोघींना सगळं रंगवून सांगितलं, पट्टी, बाही, दहा टक्के, सगळं. मावशी खूश. आईचं तोंड मात्र उतरलं.

"पोरांम्होरं सांगितलंस? माझं कापड आटलं म्हणून? वर पट्टीनं मोजून दावलंस?"

"आई, नोकरी लागली!"

"ती लागायचीच हुती. माझी अब्रू कशाला काढायची?"

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. राग हा आमच्या घरचा वारसा आहे, दुसरं काही नसलं तरी. मला वाटलं होतं की मी तिचा झेंडा लावून आले. तिच्या लेखी मी तिची चूक वेशीवर टांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती आलं म्हणालीस?"

"दहा टक्के."

"म्हंजे?"

"शंभरातले दहा. विसातले दोन."

तिनं मेथी बाजूला सारली. उठली, तांदळाचा डबा खाली ठेवला आणि मशीनवरची चादर काढली. तिनं नवा तुकडा जमिनीवर पसरला.

मी म्हटलं, "आधी भिजव तरी."

"न्हाय. भिजवलं की खळ जातीया, कापड लोळागोळा हुतंय. माझी कात्री चालत न्हाय त्येच्यावर. कडक हाय तवरच कापायचं, कडक हाय तवरच शिवायचं, मग धुवायचं."

"मग बाही बावीस इंच काप," मी एम.एस्सी.च्या तोऱ्यात म्हटलं. "दोन इंच आटते ना, दोन जादा धर."

तिनं खडूनं बावीसवर खूण केली. हात तिथेच थांबला. टेपकडे बघत राहिली.

"दोन इंच विसातनं गेलं," ती म्हणाली. "ह्ये बावीस हाय. मोठ्यातनं जास्त जाईल की."

बावीसचे दहा टक्के दोन इंचांहून जास्त. उरणार वीसला थोडी कमी. ही चूक मी नववीच्या पोरांच्या वहीत लाल पेननं खोडते, आणि चौथी शिकलेल्या आईसमोर मी स्वतः ती करून बसले होते.

"मग किती घेशील?" मी विचारलं.

तिनं बोटानं टेपवर थोडं पुढे सरकून नवी खूण केली. "सव्वाबावीस."

मी मनात गुणाकार केला. बरोबर वीस येत होते.

चार दिवसांनी जाकीट शिवून झालं. अंगात घातलं तर बाहीत बोटं बुडत होती आणि मावशी हसत होत्या. आईनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. गरम पाणी काढलं, धुतलं, उन्हात टाकलं. संध्याकाळी मी ते घातलं, हात सरळ सोडला, आणि बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. टिपांपाशी कापडाला बारीक चुण्या पडल्या होत्या, त्या फार छान दिसत होत्या. माझी मान खाली गेली होती आणि छाती फुगली होती, दोन्ही एकदमच.

आईनं माझं मनगट धरून फिरवून बघितलं.

"आता ह्ये बी सांग की तुझ्या पोरांस्नी," ती म्हणाली.

दरवर्षी सांगते. आणि गणित कुणाचं ते आधी सांगते.