विहीणबाईंच्या बाटल्या

औरादपासून आळंदपर्यंत कुठल्याही गावात जा, एखाद्या घराच्या कुंपणावर नाजूक फुलांचा वेल दिसला तर खुशाल समजा, की तो एक तर माझ्या विहीणबाईंनी रुजवून दिलेला आहे, नाहीतर त्याची फांदी तरी त्या मागून घेऊन गेलेल्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. कमठाणा, राजेश्वर, चिंचोळी, आळंद अशा बदल्या होत होत निवृत्त झाल्या आणि बसवकल्याणला स्वतःचं घर बांधून राहिल्या. तिथं सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. जिथं जिथं त्यांनी बाळंतपणं केली, तिथं तिथं वेलही रुजवले, आणि दोन्हींत त्यांचा हात सारखाच हलका होता.

आमची पहिली भेट भालकीला आमच्या घरी झाली, माझ्या मुलीला, सुजाताला, बघायला त्या आल्या तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी बोलत बसली आणि बाई हात धुऊन येते म्हणून मागच्या दारी गेल्या. अर्धा तास झाला तरी परत येईनात. मी बघायला गेले, तर ठेवणीतल्या रेशमी लुगड्याचा पदर खोचून त्या धुण्याच्या दगडावर उभ्या होत्या आणि माझ्या सायलीच्या फांद्या एकेक करून बोटांनी चाचपत होत्या.

"अक्का, एक फांदी घेऊ का?" मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या. "शेंड्याची नको, लै कवळी असती. बुडाची निबर असती. मधलीच घेते."

मी होय म्हणायच्या आत पर्समधून ब्लेड निघालं, ओला कापूस निघाला, प्लॅस्टिकची पिशवी निघाली. फांदी पिशवीत गेली, आणि मुलीबद्दल एक शब्दही न बोलता मंडळी निघून गेली. "त्यांना नक्की काय पसंत पडलं, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं," असं आमचे हे म्हणाले. तीन आठवडे काही निरोप नाही. मी तर आशा सोडली होती. मग एका सकाळी फोन आला.

"अक्का, धरली बगा."

"कुठली तारीख धरलीत?" मी लगबगीनं पंचांग ओढलं.

"तारीख कसली? फांदी. मूळ फुटायलंय." मग त्या म्हणाल्या, "आनि पोरगी तर आमाला त्याच दिवशी पसंत पडली की. कुनी कळवलं न्हाई काय तुमाला?"

लग्न झालं आणि सुजाता त्या घरात गेली. घर चांगलं ऐसपैस, पण न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. तिथं दमट असतं, ऊन थेट येत नाही, म्हणून फळीवर, खिडकीत, बंबाच्या मागे, सगळीकडे अर्ध्या कापलेल्या सलाइनच्या बाटल्या. बाटलीत तीनदा धुतलेली मांजरा नदीची वाळू, वाळूत तीन बोटांची काडी, काडीवर पिशवीची टोपी आणि बाहेरून पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर वेलाचं नाव आणि तारीख. माझा जावई बिचारा लहानपणापासून अंग चोरून आंघोळ करत आलेला. काड्यांना पानं फुटली की बाटल्या बैठकीत यायच्या, आणि मग भर मे महिन्यातही बैठकीतला पंखा बंद. घाम पुसत बसलेल्या पाहुण्यांना विहीणबाई समजावायच्या, "वाऱ्यानं ती पानं सुकत्यात. तुमी काय, पुसून घ्याल." शेजारची कुणी बाई मूळ आलंय का बघू म्हणून काडी उपटायला गेली, तर मात्र त्यांचा आवाज चढायचा. "बाळंतपनात कुनी मधीच डोकावून बघतंय काय?"

कुठंही गेल्या तरी पर्स बरोबर असायचीच. हुमनाबादला एका घरी त्या भेटायला गेल्या होत्या, माणूस गेल्यावर जातात तशा. तासभर त्या घरातल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून बसल्या, खरंच रडल्या, आणि येताना लसूणवेलीच्या तीन काड्या घेऊन आल्या. मी जरा नाराजीनं बघितलं, तर म्हणाल्या, "मी न्हाई मागितल्या. वेलाकडं बघायले होते, तर बाईच म्हनल्या, घेऊन जा."

एवढं सगळं रुजवायचं आणि दोन पानं आली की देऊन टाकायचं. बसच्या कंडक्टरला, तहसीलच्या कारकुनाला, भाजीवालीला, कुणालाही. त्यांच्या स्वतःच्या अंगणात मात्र एक तुळस आणि कपडे वाळत घालायची दोरी. याचं मला नवल वाटायचं, पण विहिणीला कसं विचारायचं, म्हणून मी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात सुजातानं न्हाणीघर घासायला काढलं. पाहुणे येणार होते. एका बाटलीत पाच काळ्या, बिनपानांच्या काड्या दिसल्या, मेल्या असतील म्हणून तिनं त्या कचऱ्यात टाकल्या. नेमकं ते पांढरं कृष्णकमळ होतं. चिंचोळीच्या एका जुन्या पेशंटकडून तीन वर्षं मागून मागून मिळवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताचा रडत फोन आला. "आई, त्या कालपासनं काईच बोलंना गेल्यात. आत्ता न सांगता कुटं तरी निघून गेल्या."

मी बेसनाचे लाडू बांधून घेतले आणि बसमध्ये बसले. लेकीची आई म्हणून काय काय बोलायचं, ते वाटेत तीन वेळा घोकलं. पोचले तर विहीणबाई अजून आलेल्या नव्हत्या आणि सुजाताचे डोळे सुजलेले होते. दुपारी त्या आल्या. घोट्यापर्यंत चिखल, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. गावाबाहेर जिथं कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होतात, तिथं जाऊन सकाळपासून त्या धुंडाळत होत्या. पाचांतली एक काडी सापडली होती.

मी घोकलेलं बोलायला सुरुवात केली. त्या तशाच माझ्यासमोरून आत गेल्या, काडी धुतली, नव्या वाळूत लावली, हातपाय धुतले आणि मगच माझ्यापुढं येऊन बसल्या.

"अक्का, तुमी कामून आलाव? पोरीनं फोन केला व्हय?" मग दारात उभ्या असलेल्या सुजाताकडं बघून म्हणाल्या, "मी रागावले न्हाई गं. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हनून गप बसले. तुजं काय चुकलं? काड्याच दिसायल्या त्या. त्या बाटलीवर नाव लिवायचं मीच विसरले."

सुजाता पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. जेवणं झाल्यावर मला धीर आला आणि मी विचारलं, की स्वतःच्या अंगणात एकही वेल का नाही.

"सवय न्हाई, अक्का," लाडू मोडत त्या म्हणाल्या. "क्वार्टरच्या दारात वेल लावावा, कमरेएवढा व्हावा, आनि बदलीचा कागद यावा. जिमिनीतलं कसं न्यावं? बाटली मांडीवर घेऊन बसमध्ये बसता येतंय. फुलं सगळी मागनं आलेल्या सिस्टरांनी बघितली. मला पत्रानं कळायचं."

स्वतःच्या घरात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

ती काडी दीड महिन्यानं फुटली. ती कुणाला द्यायची हे विहीणबाई ठरवायच्या आतच सुजातानं बैठकीच्या खिडकीखाली खड्डा खणला आणि रोप लावून टाकलं. "हितं? आपल्यातच?" असं म्हणून त्या बराच वेळ त्या रोपाकडं बघत राहिल्या. नंतर मला त्यांचे फोन यायला लागले. मुळांचं सगळं जाणणाऱ्या या बाईंना पुढचं काहीच माहीत नव्हतं. "अक्का, आता ह्याला आधार कवा द्यायचा? किती उंच जातंय? खत घातलं तर रागावतंय काय?" मला जमेल तसं मी सांगत गेले.

यंदाच्या पावसाळ्यात मी तिकडं मुक्कामाला होते. वेल खिडकीच्या वर गेला होता आणि पहिली कळी टपोरली होती. सकाळी आंघोळ करून विहीणबाई खुर्ची टाकून तिच्यासमोर बसल्या. सुजातानं आणून दिलेला चहा तसाच निवला. साडेनऊच्या सुमाराला पाकळ्या सैल झाल्या आणि बघता बघता फूल उलगडलं, पांढरंशुभ्र, मधे जांभळट झालर. त्यांनी हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"संध्याकाळी मिटतंय म्हनं हे?" त्यांनी विचारलं.

"हो. एका दिवसाचंच असतं."

"असू द्या," खुर्चीत मागे टेकून त्या म्हणाल्या. "मला आज कुटं जायचं न्हाई."