आईंचा उपास आणि नैरोबीचा थांबा

धाकट्या दिराला आफ्रिकेत लागोसला फिटरची नोकरी लागली, तेव्हा आम्ही मीरा रोडला नवीनच राहायला आलो होतो. बिल्डिंगमध्ये फोन एकच, तळमजल्यावरच्या गुजराती बेनकडे. पहाटेच्या विमानासाठी निघताना दीर पाया पडला आणि म्हणाला, "आई, अकरा तासांची तर गोष्ट. संध्याकाळी पाचला मी तिकडे."

सासूबाईंनी तिथेच ठरवलं, तो जमिनीवर उतरेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. रत्नागिरीकडे त्यांच्या घरात माणूस बोटीने निघाला की बायका ती बंदराला लागेपर्यंत उपाशी राहायच्या. आता बोटीच्या जागी विमान, एवढाच फरक.

एक दिवसाचा उपास म्हणून मी वाद घातला नाही. पण आंघोळ झाल्यावर त्यांनी सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. ओट्यावर गोळ्यांची फाडलेली पट्टी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. गोळीवर खाल्लंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरेल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं.

"आई, निदान दूध घ्या."

"एका दिवसाने कोण मरत नाय गो. तू तुझी कामं कर."

मी कपडे वाळत घातले, तांदूळ निवडले आणि दर थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघत राहिले. साडेबाराच्या सुमारास त्यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. साखरपाणी तोंडाशी नेलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. मी जिना उतरून बेनकडे धावले.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "साखर द्या, लगेच." तीच तर त्या घेत नव्हत्या. मागून बेन म्हणाली, "माँजी को बोलो, भगवान को भी भोग लगता है!"

मग मी तिकीट काढून देणाऱ्या एजंटला फोन लावला. विमान थोडं आधी पोचेल का, एवढंच विचारायचं होतं.

"नैरोबी तो पहुंच गया होगा, मॅडम. आगे का फ्लाईट रात को नौ बजे, अपने टाइम से."

"आगे का?"

"लागोस का. ग्यारह घंटा तो सिर्फ उड़ने का है ना. बीच में बैठना पड़ता है."

उरलेलं पाच तासांचं उड्डाण नऊला सुरू, म्हणजे संध्याकाळचे पाच नव्हे, रात्रीचे दोन. पण जिना चढता चढता दुसरी गोष्ट सुचली.

"आई, तो उतरलाय. नैरोबीला. विमानतळावर बाकड्यावर बसलाय."

"जमिनीवर?"

"जमिनीवर."

"जेवलान असेल काय गो?"

"एवढ्या वेळात कोण उपाशी बसेल?"

मी पेला पुन्हा पुढे केला, तो त्यांनी माझ्या हातातून घेतला. साखरपाणी संपलं, मग वाटीभर पेज. हळूहळू हात स्थिर झाले. मी पदराने त्यांचा घाम पुसला.

"परत कधी उडतंय?"

नाइलाजाने सांगितलं, "नऊला."

"मग आठला वाढ मला. भाकऱ्या दोन. आणि त्या गोळ्या तुझ्याकडे ठेव, त्याचा फोन येईपर्यंत."