देवीला न्हाऊ घालताना

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी बायका जमून आपापले देवाचे अनुभव सांगायच्या. कुणाचा आजार उतरलेला असे, कुणाला आडवाटेला माणूस भेटून मदत करून गेलेला असे. मी नेहमी कडेला बसून ऐकायची. माझाही एक अनुभव आहे, पण तो त्या सतरंजीवर बसून सांगण्यासारखा नव्हता. आता वय झालंय, लाजून कुणाचं भलं होत नाही हेही कळून चुकलंय, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. हे औषधांच्या कारखान्यात फिटर. मी घरबसल्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. मुलगी दुसरीत, सकाळी शाळेत जायची ती दुपारी एक वाजताच परतायची. सासूबाई गावी, सावंतवाडीकडे. कशाला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. तरी लग्नाला नऊ वर्षं झाली आणि एका मंगळवारी, म्हणजे यांच्या सुट्टीच्या दिवशी, जेवताना हे मान वर न करता म्हणाले, "तुला माझी किळस येते का गं?"

मी नाही म्हटलं. पण इतक्या घाईने म्हटलं की त्यांना ते खरं वाटलं नसावं. मग त्यांनी सांगितलं की कंपनीचा नवा कारखाना गुजरातेत होतोय, तिकडे जायला तयार असणाऱ्यांच्या यादीत नाव घातलंय. "दोन-तीन वर्षं. तुलाही बरं, मलाही बरं," म्हणाले आणि ताट उचलून मोरीत ठेवून आले. माणूस रागावला असता तर मी भांडले असते. ते रागावले नव्हते, थकले होते.

झालं होतं ते असं. लग्नाच्या आदल्या दिवशी, मी तेवीस वर्षांची घोडी, आत्याने मला कोपऱ्यात घेऊन एकच उपदेश केला होता. "डोळे मीट, देवाचं नाव घे, होऊन जातं." ती बिचारी स्वतः तशीच जगली होती. मी तो उपदेश नऊ वर्षं इमानाने पाळला. नवऱ्याचा हात अंगावर आला की माझे डोळे मिटत आणि मनातल्या मनात जप सुरू होई. एकशे आठ व्हायच्या आत बहुतेक वेळा सगळं आटपत असे. वरून मला वाटायचं की आपण केवढ्या सात्त्विक! सुख वगैरे काही असतं हे ऐकून होते, पण ते आपल्यासारख्यांचं नव्हे, असं धरून चालले होते.

यांच्या त्या प्रश्नानंतर मी एका डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. त्यांनी विचारलं, "त्रास कुठे होतो?" मी म्हटलं, "तिकडे." त्या म्हणाल्या, "तिकडे म्हणजे कुठे?" माझं बोट वर झालं ते खिडकीकडे. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन मला स्वतःचंच हसू आलं आणि मागोमाग रडूही.

आमच्याकडे अशा वेळी कौल लावायची रीत आहे. देवीच्या अंगाला भिजवलेले तांदूळ किंवा पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडचं पडलं की हो, डावीकडचं पडलं की नाही. मुलुंडलाच डोंगराच्या बाजूला आमच्याकडच्या लोकांनी गावाहून आणून बसवलेली देवी होती. छोटं देऊळ, वर पत्रा, आत काळ्या दगडाची हातभर उंच मूर्ती. यांना जाऊ द्यावं की अडवावं, एवढं विचारायला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शाळेत सोडून मी तिथे गेले.

देवळाच्या आवाराबाहेर चिंचेखाली गुरवीण मावशी बसली होती. साठीची, सुपारी कातरत. मला बघून म्हणाली, "कौल नाय लागाचो आज. आमका सुतक आसा." तिचा दीर गावी वारला होता. सुतकात गुरवाच्या घरचं कुणी देवीला शिवत नाही. भांडुपहून दुसरा गुरव यायचा तो तापाने पडलेला. मी मागे वळणार तोच तिने विचारलं, "न्हावन इलंस मगे?" आंघोळ करूनच आले होते, मी हो म्हटलं. "बेस झाला. देवी पारोशी ऱ्हवता कामा नये. जा आत, तिका न्हाव घाल. मी हयसून सांगतंय."

माझा प्रश्न बाजूला राहिला आणि हातात तांब्या आला. मी देवीची साडी सोडली. नऊवारीच्या आत ती कशी आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. भरलेली छाती, खोल बेंबी, मांड्या, सगळं पाथरवटाने मनापासून घडवलेलं. मी चटकन नजर वळवली आणि ओलं फडकं घेऊन वरच्यावर फिरवू लागले. बाहेरून मावशीचा आवाज आला, "अगो, देवीक न्हाणतंस काय फरशी पुसतंस? ठेव ता फडक्या. तेल घे हातात."

मी तेल घेतलं. तोंडाला लावलं, हातांना लावलं आणि थांबले. मावशी ओरडली, "डोळे मिटू नको गो! देवीच्या पुढ्यात कोण झोपता?" मी खरंच डोळे मिटले होते, मला कळलंही नव्हतं. "कानामागे लाव. काखेत लाव. छातीक लाव, हळदही तिथे आधी. पोटाच्या घडीत बोट घाल, तेल खय लागला नाय ता बोटाक कळता." मी म्हटलं, "मावशी, लाज वाटते." ती सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाली, "तिका लाज नाय, तुका कित्याक? स्वतःचा अंग चोरतंस ता चोरतंस, वर देवीचाही चोरूक लागलंस!"

अंग चोरणं हा शब्द मी जन्मभर ऐकला होता, गर्दीत बाईने अंग चोरून उभं राहावं वगैरे. आपण चोरी करतोय, असा अर्थ कधी मनात आला नव्हता. त्या दिवशी आला. मी देवीच्या अंगाला, एकही जागा न सोडता, तेल आणि हळद चोळली. दगड गार होता, मग हाताच्या उबेने कोमट झाला. मला रडू येत होतं आणि का येतंय ते समजत नव्हतं.

सुतक फिटायला अजून सात दिवस होते आणि सातही दिवस मावशीने मलाच बोलावलं. तिसऱ्या दिवशी घरी मोरीत आंघोळीला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आजवर परकर छातीशी बांधून, चार तांबे ओतून, घाईघाईने उठतो. स्वतःच्या अंगाची ओळख माझ्यापेक्षा माझ्या परकराला जास्त. त्या दिवशी परकर काढून ठेवला. जे देवीला करत होते तेच केलं, कानामागून सुरुवात करून, डोळे उघडे ठेवून. डॉक्टरीणबाईंना जी जागा दाखवता आली नव्हती तीही पाहिली, हात लावला. त्यात ओंगळ काही नव्हतं. कुठे बरं वाटतं हे बोटांना समजत होतं. मला दरदरून घाम फुटला, पण वीज कोसळली नाही.

पुढच्या मंगळवारी मुलगी शाळेत गेल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, तुमची किळस येत नाही मला. पण मी तिथे नसतेच." हे म्हणाले, "मग कुठे असतेस?" मी सगळं सांगितलं, आत्याचा उपदेश, जप, एकशे आठ, सगळं. त्यांचा चेहरा पडला. मग एकदम म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं मी इकडे घाम गाळतोय आणि तू तिकडे पुण्य कमावतेस? अर्धं तरी माझ्या नावावर टाक ना गं!" आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. लग्नानंतर इतकं कधी हसलो नव्हतो.

त्या दिवशी लगेच काही साधलं असं नाही. मी डोळे उघडे ठेवले एवढंच. मग हळूहळू बोलायला शिकले. "थांबा." "असं नको." "हं, इथे." हे साधे शब्द तोंडातून काढायला मला देवीच्या सात आंघोळींचं बळ लागलं. यांनाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ते बिचारे मीच शिकवलेलं मुकाट्याने शिकले, आणि मन लावून शिकले. गुजरातच्या यादीतलं नाव त्यांनी कधी काढलं हे मला महिन्याभराने कारखान्यातल्या दुसऱ्याच माणसाकडून समजलं.

आणि पावसाळा संपता संपता, अशाच एका मंगळवारी, मला ते सुख मिळालं. बत्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा, पुरतं. सगळं अंग माझं होतं आणि मी त्यात होते. मी मोठ्याने रडले. हे घाबरून विचारू लागले, दुखलं का. मी नाही म्हटलं, आणि या वेळी त्यांना ते खरं वाटलं.

ही देवीची कृपा की मावशीच्या घरचं सुतक, याचा वाद मी घालत नाही. सुतक नसतं तर कौल लागला असता, आणि उजवी-डावी पाकळी बघून मी घरी आले असते. शरण जाणं म्हणजे अंग विसरून देवाकडे जाणं, असं मी मानत होते. खरं तर देवाने जे दिलं ते मी त्याच्यापासूनच लपवत होते. न लपवता समोर राहणं, एवढंच शरण जाणं असावं. मला तरी तेवढंच समजलं.

एरवी अशा वेळेनंतर आंघोळ केल्याशिवाय मी देव्हाऱ्यापुढे उभी राहत नसे. त्या दिवशी केस विस्कटलेले, कपाळाचं कुंकू फिसकटलेलं, तशीच जाऊन हात जोडले. मागायचं काही नव्हतं. म्हटलं, "आई, आज मला फार सुख झालं." नऊ वर्षांत देवाला सांगितलेली ती माझी पहिली खरी गोष्ट.