वाक्य संपेपर्यंत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात कालपासून लोखंड कातायचं लेथ सुरू झालं आहे. तापलेल्या लोखंडावर दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं, आणि त्या वाफेचा तेलकट, किंचित आंबूस वास जिन्यावरून वर येऊन माझ्या खिडकीशी रेंगाळतो. शेजारच्या बाईंनी नाक मुरडून दार लावून घेतलं. मी मात्र खुर्ची ओढून खिडकीत बसले. समोर अजिंक्यतारा सकाळच्या उन्हात निवांत पहुडला होता आणि मी साताऱ्यात असूनही सांगलीला पोचले होते, चाळीस-बेचाळीस वर्षं मागे.

तेव्हा मी सांगलीत एका कारखान्यात टायपिस्ट होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड आणि तिच्या टोकाला लाकडी फळ्यांनी आडोसा केलेलं ऑफिस. मालकांना सगळे अण्णा म्हणत. हळदीच्या पिढीजात व्यापारातून यंत्रांकडे वळलेला तो हौशी जैन माणूस. एकदा त्यांनी मुंबईहून जुनं जपानी ग्राइंडिंग मशीन आणलं. लोखंडाला आरशासारखी झळाळी देणारं ते देखणं यंत्र होतं. सोबत माहितीपुस्तकही होतं, पण अथपासून इतिपर्यंत जपानी. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “तुम्ही इंग्लिश टाइप करता ना, बघा जरा काही लागतंय का.” त्यांच्या लेखी परकी भाषा म्हणजे सगळी एकच.

मला एक अक्षर कळत नव्हतं. पण ती पानं मी मिटू शकले नाही. कुणीतरी बारीक कुंचल्यानं घरं, झाडं, कौलं रेखावीत तशी ती अक्षरं एकाखाली एक उभी होती. पुढच्या रविवारी पुण्याला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कव्हर निघालेला एक जपानी-इंग्रजी कोश घेऊन आले. अक्षरातल्या रेघा मोजायच्या, त्या आकड्यावरून कोशात अक्षर शोधायचं, अर्थ पेन्सिलीनं वर लिहायचा. सुरुवातीला एका ओळीला एक दुपार जायची.

या कामात माझे जोडीदार होते कारखान्याचे मिस्त्री. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. जतकडचं धनगराचं घर, वडील मेंढरांमागे मुलूख फिरलेले. मामांना सही करण्यापुरतं लिहिता येई, पण यंत्राच्या अंगात काय चाललंय ते त्यांना नुसत्या हातानं कळायचं. मी अडखळत अर्थ सांगायचे, ते यंत्रावर हात ठेवून ऐकायचे. “न्हाई ताई, हितं ‘पिळा’ नसंल, ‘सैल करा’ आसंल. परत बघा.” मी परत बघायचे आणि बहुधा त्यांचंच खरं निघायचं. मी नंतर माझं इंग्रजी टाइप करून अण्णांना द्यायचे. तीन महिन्यांत चाळीस पानं झाली. मला वाटू लागलं, आपल्याला जपानी येतं.

एका वाक्यात ‘बटण’, ‘चाक’, ‘थांबणे’, ‘झाकण’, ‘उघडणे’ एवढे शब्द मला लागले. मोठी अक्षरं ओळखीची होती, मधली बारीक अक्षरं मी अंदाजानं भरली. लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं, बटण बंद करून चाक थांबवावे व झाकण उघडावे. मामांनी बटण बंद केलं आणि झाकण उघडलं. वीज बंद झाली होती, पण वजनदार चाक आपल्याच जोरावर फिरत होतं. मामांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं.

त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी ऑफिसात ते वाक्य पुन्हा काढून बसले. ‘उघडणे’च्या शेपटाला दोन छोटी अक्षरं होती. ‘ना’ आणि ‘इ’. बटण बंद केल्यावर चाक पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये. नकार शेवटी होता, जसा आपल्या मराठीत असतो. इंग्रजी माणूस आधीच ‘नको’ म्हणून मोकळा होतो. मराठी आणि जपानी माणसाचं मन वाक्य संपेपर्यंत कळत नाही. आणि मी, मराठी मुलगी, वाक्य संपण्याआधीच उठले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मामींच्या नजरेला नजर देववत नव्हती. मामांना म्हटलं, “मामा, मी आता हे पुस्तक उघडणार नाही.”

त्यांनी बँडेज बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, “कुठं चुकलं ते घावलं का?”

“शेवटची दोन अक्षरं. मी वाचलीच नाहीत.”

“मग आता वाचली न्हवं? आवं ताई, आता सोडलं तर माजं बोट फुकट जाईल की.”

मी सोडलं नाही. पहिल्या पानापासून सगळं पुन्हा वाचलं, प्रत्येक बारीक अक्षरासकट. लग्न होऊन साताऱ्याला आले, ते कोश घेऊनच. गुरू मिळाला नाही. रेडिओची खरखर, टपालानं मागवलेली मुलांची वाचनपुस्तकं आणि माझी मराठी, एवढीच माझी शाळा. मराठीनं तर फार हात दिला. यंत्र ‘गाता-गाता’ असा आवाज करतं, असं जपानीत म्हटलं की मला थेट खडखड ऐकू यायची. त्यासाठी इंग्रजी शब्द शोधताना मात्र दुपार सरायची. हळूहळू पुण्याहून कामं येऊ लागली. पंप, सूतकताईची यंत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, कंपन्यांचे करार. इकडच्या कारखान्यांची इंग्रजी पत्रं जपानीतही जाऊ लागली. हजारो पानं झाली. एकावरही माझं नाव नाही, पण माझ्या पानामुळे पुन्हा कुणाला इजा झाली नाही, हे मी ताठ मानेनं सांगते.

एकसष्टाव्या वर्षी मी जपानीची सगळ्यात वरची परीक्षा दिली. पुण्यात दारावरच्या मुलीनं मला अडवलं. “आजी, पालकांनी बाहेर थांबायचंय.” मी प्रवेशपत्र पुढे केलं. ती लाजली आणि मला अगदी बाकापर्यंत सोडून आली.

पास झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन मी मामांच्या गावी गेले. ते थकले होते, कानांनीही दगा दिला होता. “काय लिवलंय, वाचा की,” म्हणाले. मी जपानी वाचलं, मग मराठीत सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग शेजाऱ्यांना हाका मारून गोळा केलं. “ह्या आमच्या ताई. लय शिकल्यात, कुनी शिकवल्याबिगर.” आणि ते टोक गेलेलं बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरून हसले, “फी तेवडी म्या भरली हाय!” लोक हसले. मामीही हसल्या. मी पदरात तोंड लपवून रडले आणि आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या अंगणात वाटला.

मामा आता नाहीत. कामंही आटली आहेत. फोन कागदावर धरला की तो क्षणात भाषांतर करून देतो. चांगलं करतो, मी तपासून पाहिलं आहे. भाचा विचारतो, एवढं आयुष्य घालवलंस त्याचं आता काय? हल्ली दुपारी मी एखादं जपानी पुस्तक घेऊन बसते. हातात पेन्सिल नसते, कुणाला पान द्यायचं नसतं. इतकी वर्षं प्रत्येक वाक्य उचलून दुसऱ्या भाषेच्या काठावर नेलं. आता त्याला कुठंच न्यायचं नाही. ते तिथेच, आपल्या जागी राहतं, आणि मला कळतं.