लेबलावरून काढलेली ओळ

वाइनच्या बाटलीचं मागचं लेबल साधारण माझ्या तळहाताएवढं असतं. त्यावर काय छापायचं आणि काय नाही, हे पाहण्यात माझी बावीस वर्षं गेली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेबलं छापणारा एक कारखाना आहे, तिथे मी मजकूर तपासतो. द्राक्षाची जात, ती कुठे पिकली, अल्कोहोलचं प्रमाण, टिकण्यासाठी घातलेला पदार्थ, बनवणाऱ्याचा पत्ता, आरोग्याचा इशारा. लेबलाला उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी लागते, त्याशिवाय बाटली दुकानात जात नाही. अकलूजकडची द्राक्षं घेऊन वर नाशिक छापू पाहणाऱ्यांशी मी भांडलेलो आहे. मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

उरलेल्या जागेत चार ओळींचा इतिहास लागायचा, तोही मीच लिहायचो. नाशिककडचे खायच्या द्राक्षांचे बागायतदार वाइनकडे वळले ते माझ्या डोळ्यांदेखत. पण लेबलावर परंपरा हवी असते, म्हणून मी थेट दोन हजार वर्षं मागे जायचो. रोमची वाइन उंच मातीच्या भांड्यांतून आपल्या किनाऱ्याला उतरायची, कल्याणचं बंदर तेव्हा नावाजलेलं होतं, एवढं खरं. बाकीचं मी जुळवायचो.

दिंडोरीकडच्या एका लहान वायनरीचे मालक चार वर्षांपूर्वी पांढऱ्या वाइनचं काम घेऊन आले. त्यांनी दिलेल्या कागदावर वाइन कशी नितळ केली तेही लिहिलेलं होतं. नवी वाइन गढूळ असते. ती नितळ करायला कुणी विशिष्ट माती वापरतं, कुणी अंड्यातलं पांढरं, तर कुणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेली पूड. गाळ तळाशी बसतो आणि वरची वाइन काढून घेतात. यांनी माशाची पूड वापरली होती. असं काही वापरलं असेल तर लेबलावर सांगावं लागतं. मी तशी ओळ टाकून नमुना दाखवला.

मालक म्हणाले, “साहेब, हे वाचल्यावर तुमच्या डोंबिवलीत एक तरी बाटली उचलतील का?”

“नियम आहे.”

“अहो, सगळं खाली बसतं. बाटलीत मासा शोधून दाखवा, मी तुम्हाला पापलेट खायला घालतो.”

मी हसलो आणि ओळ काढली. मंजुरीच्या अर्जातूनही तो उल्लेख गेला. मोकळ्या झालेल्या जागेत कल्याणचं बंदर व्यवस्थित बसलं.

आता आईबद्दल सांगायला हवं. ती देवगडकडची. मी चार वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला आणि तीन आठवडे ताप उतरेना. डॉक्टर आशा सोडल्यासारखं बोलू लागले, तेव्हा आई गावच्या देवीला बोलली, हा वाचला तर मी मासा तोंडाला लावणार नाही. मी वाचलो. कोकणातल्या बाईने मासा सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घरात मासे येत राहिले, ती रांधत राहिली, फक्त कालवणाचं मीठ चाखायला मला हाक मारायची. मोठं होईपर्यंत मला ते कौतुकाचं वाटायचं.

त्या वाइनची छपाई झाली तेव्हा मालकांनी दोन बाटल्या भेट दिल्या. आई आमच्याकडे ठाण्यात, बाळकुमला असते. तिला तेव्हा भूक लागत नव्हती आणि द्राक्षासवाने पोटात जळजळायचं. मी म्हटलं, “अगं, ही घे. द्राक्षासवाचीच बहीण आहे.”

“दारू ना रे ती?”

“जेवणाआधी औषधाच्या टोपणाने दोन टोपणं. त्याने काय होतंय?”

तिने बाटली हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि परत दिली. “बारीक आहे. वाच बरं, काय काय आहे ह्यात.”

मी वाचलं. माझंच लेबल होतं, सगळं वाचलं. अर्ध्यावर आलो तेव्हा मला काढलेली ओळ आठवली. मला आठवलं नव्हतं असं मी बायकोला पुढे सांगितलं, ते खोटं होतं. आठवलं, आणि मी मनात मालकांचं वाक्य म्हटलं, सगळं खाली बसतं. मग कल्याणच्या बंदरापर्यंत वाचत गेलो. आई म्हणाली, “छान लिहिलंय.” दोन वर्षं ती ते घेत होती. बाटली संपली की मीच नवी आणायचो.

गेल्या वर्षी शीळफाट्याजवळ गाडी चालवताना माझ्या छातीत दुखायला लागलं. हृदयाच्या दोन नसांत अडथळे निघाले. घरी आलो तेव्हा आई बदललेली होती. ती देवासमोर तासन् तास बसायची आणि मग एकेक आठवण काढून बायकोला विचारायची. “त्या लग्नात वांग्याच्या भाजीत कोलंबीच्या कालवणातला डाव घातला असेल का गं?” “शेजारणीने दिलेल्या चटणीत सुकट असेल का?” तिची खात्री झाली होती की कुठेतरी तिच्याकडून मोडलं, म्हणून माझ्यावर आलं. हळूहळू ती बाहेरचं काही खाईना. मग घरातलंही अर्धं सोडू लागली.

मला ते पाहवेना. तिला तिच्या चुकीच्या शोधातून सोडवायचं असेल तर खरं सांगायला हवं होतं. पण खरं हे होतं की तिचं वचन मोडलेलंच होतं. तीन महिने मी हे घोळवत राहिलो. शेवटी एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती, तिथे जमिनीवर बसून मी सगळं सांगितलं.

ती निवडत राहिली. तिने विचारलं, “घोळीची पिशवी?”

“कुठल्या माशाची ते माहीत नाही.”

“घोळीचीच असेल. तिला भाव असतो.” मग हात थांबला. “वाचलंस तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मी विचारलं कशाला होतं रे?”

तिने सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. ती ओरडली असती, रडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीला फोन करून म्हटलं, ओळ घालू या, मी पुन्हा मंजुरीचं बघतो. मालक गोड बोलले. पुढच्या खेपेपासून त्यांचं काम दुसरीकडे छापायला गेलं. परवा ठाण्यात दुकानात ती बाटली पाहिली. मजकूर माझाच आहे, शब्द न् शब्द.

आई आता शोध घेत नाही. देवासमोरही फार बसत नाही. मला वाटलं होतं, निदान मला दोष देईल. तिने तेही केलं नाही. माझ्याशी बोलते, चहा विचारते, माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला नवं टॉनिक दिलं. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून मीच बाटली उघडली आणि चष्मा लावून मागचा कागद वाचू लागलो.

“तू नको,” ती साधेपणाने म्हणाली. “तिला येऊ दे.”

आम्ही दोघं टॉनिकची बाटली मध्ये ठेवून बायकोची वाट बघत बसलो.