अप्पांच्या दोन काठ्या

ग्वाल्हेरला हरिशंकरपुरमच्या बागेसमोर माझी खिडकी आहे. ती बंद ठेवायची मला सवय नाही, म्हणून किस्से साठत जातात. हल्लीचे सगळे चालणाऱ्या मंडळींचे.

*

बागेत सकाळी फिरणाऱ्यांची दोन मंडळं होती. एक आपलं मराठी, एक तोमरजींचं हिंदी. कॉलनीच्या कमिटीने दोन्ही एक केली. पहिल्याच मीटिंगमध्ये आपल्या लोकांनी विचारलं काय, तर पुढे कोण चालणार! कुणाचे पणजोबा दरबारात कुठे बसायचे, यावर तासभर वाद.

तोमरजी म्हणाले, "भाईसाहब, जिसके घुटने चलें, वो आगे।"

*

शेजारचे अप्पा कदम अंगणात पडले, तेव्हापासून भिंत धरून चालतात. काठी घ्या म्हटलं, तर म्हणे आमच्या घराण्याने तलवार धरली. तलवार पणजोबांनी धरली होती. अप्पांनी जन्मभर पोस्टाचा शिक्का धरला.

मग इंदूरहून मुलाचा, दिलीपचा फोन आला. चालवत नसेल तर घर बंद करून इकडे या. दोन दिवस अप्पा नीट जेवले नाहीत.

*

तेवढ्यात मंडळातल्या सुमनताई मुलीकडून, फिनलंडहून परतल्या आणि नॉर्डिक वॉकिंग घेऊन आल्या. दोन हातांत दोन काठ्या, मागे रेटत चालायचं. बर्फातल्या लोकांचं खूळ, ग्वाल्हेरच्या धुळीत! तोमरजींचे लोक हसले. खिडकीतून मीही हसले.

अप्पांनी मात्र लगेच मागवल्या. म्हणाले, "एक काठी म्हाताऱ्याची. दोन म्हणजे कवायत."

*

भालेराव वकिलांनी विकत घेतल्या नाहीत. घरातले चोपदारी दंड काढले, चांदीने मढवलेले. ते जमिनीला टेकवले तर पूर्वजांचा अपमान, म्हणून दोन्ही हवेत धरून चालायचे. आठवड्यात खांदे धरले. गुडघे होते तसेच.

*

एका संध्याकाळी दिलीप अचानक आला. बाबा, सकाळी बागेत येतो, कसे चालता ते बघतो, म्हणाला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. मी लगेच फोन फिरवले.

सकाळी दिलीप फाटकात उभा राहिला. समोरून अख्खं मंडळ येत होतं, प्रत्येकाच्या हातात दोन काठ्या. कुणाच्या मच्छरदाणीच्या, कुणाच्या जाळी काढायच्या. माझ्या हातात कपडे वाळत घालायच्या. सगळ्यांच्या पुढे अप्पा.

दिलीपने तोमरजींना हळूच विचारलं, "हमारे बाबा बिना डंडे के चल लेते हैं?"

"यहाँ कोई नहीं चलता, बेटा।"

मागून भालेराव वकील येत होते. नळाजवळच्या चिखलात, चांदीचे दंड टेकत.