कणकेतला ठसा

आज कणकेला तेलाचा हात लावला आणि त्या वासासरशी सोलापुरातलं आमचं मागचं अंगण आठवलं. धाकट्या भावानं रविवारच्या शर्यतीसाठी मोटरसायकलला मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवायला घेतला होता. त्या दांड्यामुळं इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त खाली येणार होते, आणि ते वर येणाऱ्या पिस्टनला धडकले असते तर इंजिनाचा चुराडा झाला असता. मधली जागा तपासायला मऊ माती लागते, ती काही मिळेना. "ताई, कणीक दे की गोळाभर," म्हणत त्यानं माझ्या परातीतला गोळा उचललाच. पिस्टनच्या माथ्यावर कणीक थापली, वरून तेल चोपडलं, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आवळलं आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं. "बघ, कुटंच अडत न्हाय!" तो खुशीत म्हणाला. मग हेड उघडलं. कणकेत व्हॉल्व्हचे दोन ठसे उमटले होते, आणि एका ठशाच्या कडेला पोळीच्या पापुद्र्याएवढीच कणीक उरली होती. हातानं फिरवताना तेवढं पुरलं, भर वेगात पुरलं नसतं. शर्यतीपायी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरलेली आई चुलीपासून उठून आली, वाकून बघत म्हणाली, "एवढ्याशाच्या भरवशावर बसणार हुतास व्हय रं?" तो उठला आणि परत बसवायला जुना कॅमशाफ्ट घेऊन आला. आई आता नाही. पण पोळी लाटताना कड पातळ झाली की अजून तिचाच आवाज येतो, आणि माझं लाटणं थांबतं.